शेवटचा दगड

हात थरथरायला लागले तसं बाबांनी सलून बंद केलं. तेव्हापासून ते भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. एका सकाळी लेकीने त्यांचा वस्तरा आणि धार लावायचे तीन दगड उशाशी आणून ठेवले. "मला धार लावायला शिकवा."

ते उठून बसले. तिन्ही दगडांवरून नख फिरवून त्यांनी सगळ्यात गुळगुळीत दगड बाजूला काढला. "शेवटचा हात यावर. पण आधी पातं काचेच्या पेल्याच्या कडेवरून एकदा ओढ. जुनी धार पार मरू दे, मग नव्याने सुरुवात."

महिनाभर ती रोज दगडावर पाणी शिंपडून पातं घासत बसायची. बाबा आपला एक पांढरा केस उपटून द्यायचे. ती तो पात्यावर टेकवायची. "तुटतोय, पण ओढून. उद्या परत," बाबा म्हणायचे. त्या उद्याच्या नादात ते दोन घास जास्त जेवायला लागले.

मग एक दिवस केस टेकताक्षणीच तुटला. "झालं," बाबा म्हणाले. "आता शिकवण्यासारखं काही उरलं नाही." आणि ते पुन्हा भिंतीकडे वळले.

दुसऱ्या दिवशी ती वस्तरा घेऊन आली. "बाबा, आज केस तुटतच नाही. कुठे चुकलं कळेना."

बाबांनी पात्यावर थरथरता अंगठा आडवा फिरवला. घासण्यात चूक झाली तर धार अशी मरत नाही. अशी ती फक्त काचेवर मरते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी पांघरूण बाजूला सारलं.

"हात जड पडला असेल," ते म्हणाले. "पाणी आण."