उमाकांतचे हात

"याला हात का नाहीत हो?" सकाळपासून अकराव्यांदा कुणीतरी विचारलं, आणि गुंडो तापला.

कुमारकृपा रस्त्यावर चित्रांचा बाजार भरलेला. फुटपाथवर गुंडोनं बोटीवरच्या नोकरीत काढलेली चित्रं चिमटे लावून टांगली होती. डेक घासणारे, रंग मारणारे, कांदे सोलणारा भंडारी, म्हणजे बोटीवरचा आचारी. सगळी पेन्सिलीनं, कामाच्या अधेमधे पाच मिनिटांत खरडलेली. मधोमध खलाशी उमाकांत. तुटका दोर जोडायला वाकलेला, जीभ दातांत धरलेली, आणि मनगटापुढं कोरा कागद.

"आजच्या माणसाची असहायता!" एक खादीवाले साहेब म्हणाले. "हे मी घेणार."

"कसली असहायता? चहाची घंटा झाली नि गडी पळाला. दुसऱ्या दिवशी बंदरात उतरला तो गेलाच. एकतीस वर्षं झाली."

"अपुरंच छान आहे, अण्णा. असंच द्या."

आता पुरं तरी कोण करणार? गुंडोनं चिमटा काढायला हात उचलला.

"गुंड्या! हात लावू नको त्याला!"

गर्दीतून एक ढेरपोट्या म्हातारा धापा टाकत आला. खांद्यावर दोराचं भेंडोळं.

"तुझ्या पोरीनं फोनवर टाकलंय ना हे? शहराच्या त्या टोकाला, व्हाइटफील्डात, नातवानं दाखवलं. म्हटलं, हा तर मी! माझे हात कुठं ठेवलेस, चोरा?"

उमाकांत खोक्यावर बसला, दोराचे पीळ सोडले, जीभ दातांत धरली.

"काढ."

गुंडोनं कागद मांडीवर ओढला. "पोट आत घे."

"पोट तू तेव्हाच काढलंयस, बारीक. हात काढ."

"तुझे थरथरतायत रे."

"तुझी पेन्सिल कुठं सरळ चाललीय!"

भोवती ही गर्दी! खादीवाले साहेब कळवळले. "अहो, चेहरा पस्तिशीतला नि हात साठीपुढचे!"

"स्वल्प सरका हो, थोडं बाजूला, उजेड अडतोय," गुंडो मान न उचलता म्हणाला.

डावा हात झाला. उजव्याची चार बोटं झाली. तेवढ्यात गुंडोची पोरगी हर्षिता कागदी पेले सावरत आली.

"अप्पा, चहा!"

उमाकांत सवयीनं अर्धा उठलाच.

"बस खाली!" गुंडो असा गरजला, की शेजारचे दोन चित्रवालेही मटकन बसले.

हर्षिता पेले धरून जागच्या जागी थांबली. एक अंगठा उरला होता.