वीस मिनिटांचं प्रवचन

"स्टेपनी काढा, जॅक काढा, ती भजनांची पुस्तकंसुद्धा काढा!" सिस्टर ओडेसा डिकीत अर्धी वाकून ओरडत होती. "देव माफ करेल मला. वजन ते वजन!"

चर्चमागच्या अंगणात लूशियस मेब्रीची बावीस वर्षांची सेडान चारी दारं उघडी टाकून उभी होती, आणि निम्मं गायनमंडळ तिच्याभोवती. लूशियस चाकांचे नट आवळत होता. उद्या बंद पडलेल्या मॉलच्या पार्किंगमध्ये शर्यत होती. नारिंगी शंकूंमधून वळणं घेत एकेक गाडी सोडायची, लढत घड्याळाशी.

पास्टर होझिया टिडवेलही हौसेने गाडी पळवायचे. मागच्या महिन्यात पंगतीत बायकांनी फारच चिडवलं, तेव्हा ते म्हणाले होते, "लूशियसने मला हरवलं, तर यापुढे प्रवचन वीस मिनिटांत आटपीन."

आजवर ते दोन तास चालायचं. पास्टर बोलता बोलता गाऊ लागायचे, ऑर्गन त्यांच्या सुरामागे धावायचा, आणि इकडे घरोघरी ओव्हनमधलं चिकन करपायचं.

"सतरा वर्षांत माझ्या नवऱ्याला रविवारी धड जेवण मिळालेलं नाही," ओडेसा म्हणाली. "ब्रदर लूशियस, जिंकशील ना?"

"देवाची मर्जी."

"देवाशी मी बोललेय. तू हवा बघ."

त्याने चारी टायरांची हवा पाहिली. वळणावर टायर किती दुमडतो ते कळावं म्हणून कडांना बुटाचं पांढरं पॉलिश फासलं. बॅटरी पक्की बसलीय ना, हलवून बघितलं. दारावर चिकटपट्टीने एक्केचाळीस आकडा उठवला, तशा बायकांनी टाळ्या पिटल्या. लूशियस मान खाली घालून पट्टीच दाबत राहिला.

दुसऱ्या दिवशी पास्टर पहिल्या गटात पळाले. छप्पन्न सेकंद. मग रिवाजाप्रमाणे पळून झालेली मंडळी शंकूंपाशी उभी राहिली. शंकू पडला तर उचलून खडूच्या चौकटीत ठेवायचा आणि वायरलेसवर कळवायचं. एका शंकूला दोन सेकंद दंड. पास्टरांच्या वाट्याला शेवटचं वळण आलं.

लूशियसच्या तीन फेऱ्या, त्यातली सगळ्यात वेगवान धरायची. पहिली अठ्ठावन्न, दुसरी साठ.

"हे काय चाललंय? वरातीत आलायस का?" ओडेसा हेल्मेट डोक्यावर दाबत शेजारच्या सीटवर येऊन बसली. "आता मी बसते. वजन गेलं खड्ड्यात!"

तिसऱ्या फेरीत तिने त्याला श्वास घेऊ दिला नाही. "दाब! अजून दाब! ब्रेक कशाला?" आणि ती म्हातारी गाडी अशी वळत गेली, जणू डांबराला चिकटलीय. शेवटच्या वळणाशी आले तेव्हा दोघांनाही कळलं होतं, ही फेरी पास्टरांना मागे टाकणार.

लूशियसने नीट नेम धरला आणि स्टिअरिंग जरासं डावीकडे ओढलं.

धप्प! शंकू गडगडत गेला.

"येशू!" ओडेसा किंचाळली.

रेषेपलीकडे गाडी थांबली. पंचावन्न सेकंद. दंड धरून सत्तावन्न. लूशियसने डोळे मिटले. तेवढ्यात भोंग्यातून पास्टरांचा आवाज आला, "एक्केचाळीस नंबर, फेरी साफ. शंकू जागेवर."

ओडेसा हेल्मेटसकट नाचायला लागली. सगळं गायनमंडळ रेलिंगपाशी धावलं.

लूशियस मैदान तुडवत पास्टरांपाशी गेला. शंकू चौकटीत ताठ उभा होता. त्याच्या बुंध्याला टायरचा काळा ओरखडा होता.

"पास्टर, हा पडला होता. मी मुद्दाम पाडला. तुमच्या दोन तासांतलं एक मिनिटही मला सोडवत नाही हो."

पास्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"अरे बाबा, माझा गळा तीन वर्षांपूर्वीच गेलाय," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "पण तू एकटा असा डोळे मिटून डोलत बसतोस, की थांबायचं कसं तेच कळेना."