चाळिसाव्याचं दान

शबाना गेल्याचं आसियाला कळलं, तेव्हा शबानाचा चाळिसावा होऊन एकच दिवस झाला होता.

कराडजवळच्या मलकापुरात शबानाच्या नवऱ्याच्या, लियाकतच्या गादीच्या दुकानासमोर आसिया उभी होती. एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हाताला पाच वर्षांची लेक शिफा. दोन महिने सांगलीच्या महिला निवाऱ्यात राहून ती शिवणकाम शिकून आली होती. शबानानंच मायलेकींना कराड स्टँडवरून उचलून तिथं पोचवलं होतं.

"चाचा, चाची कुटं हायत? फोन लागंना त्यांचा."

लियाकतनं हातातली सुई गादीत खोचली. "गेली. झोपेतच."

आसिया पायरीवर बसली. शिफा गादीच्या शिवणीतून कापूस ओढत राहिली. तिला कुणी रागावलं नाही.

आसिया म्हणाली, "निवाऱ्यातली मुदत आज संपली, चाचा. चाचींनी तुमच्या गल्लीतल्या शालूबाईंची खोली ठरवलीया. शिलाईचं मशीन आत आलं, भाड्याची सोय झाली की किल्ली देती, म्हणल्यात त्या."

"कुठलं मशीन?"

"चाचींचंच. मला दिसंना झालंय, तूच चालव म्हणायच्या. तुमाला बोलल्या न्हाईत?"

बोलली असेल. कापूस पिंजायच्या यंत्राच्या आवाजात तो नुसता हूं हूं करायचा. "कापूस कानात घातलाय का?" असं शबाना ओरडायची.

गेलेल्या माणसाच्या वस्तू गरजूला दिल्या की त्याचा सवाब, त्याचं पुण्य त्या माणसाला पोचतं, म्हणून काल त्यानं तिचे कपडे आणि शिलाई मशीन शिरवळच्या मदरशात दिलं होतं. पुसून, तेल घालून दिलं होतं.

त्यानं मदरशात फोन लावला.

"आवं, सकाळीच गेलं ते पाटणला. एका गरिबाच्या पोरीच्या लग्नात दिलं. लय दुवा दिली तिच्या आईनं."

लग्नात दिलेलं परत मागता येणार नव्हतं. नवं घ्यायला पैसे नव्हते; हातात होते ते चाळिसाव्याच्या जेवणात गेले होते. त्यानं शालूबाईंना फोन लावला.

"शालूबाई, आसियाला खोली द्या. मी जामीन राहतो. मशीन मागनं घेऊन देतो."

"आवं, भाभींच्या शब्दाची गोष्ट येगळी हुती. आता तुमी एकटं, ती एकटी. गल्ली काय म्हणंल?"

आसियानं सगळं ऐकलं होतं. ती उठली, शिफाच्या मुठीतला कापूस काढून तिनं गादीवर ठेवला.

"चांगल्या कामाला गेलं मशीन, चाचा. चाचींना पोचलं असंल."

"कुठं जाशील?"

"स्टँडवर. तिथली जागा म्हाईत हाय."

त्या दिवशी लियाकतनं पिंजायचं यंत्र लावलं नाही. दुकानात सगळं ऐकू येत होतं.

शालूबाईंची खोली रिकामीच आहे. आसियाचं मशीन द्यायचं राहिलं आहे.