सुभेदारांची हजेरी

शेवाळावरून पाय सटकला आणि सुभेदार लालासाहेब हौदाच्या कडेला धाडकन आदळले. उठायला गेले तर उजव्या खुब्यातून अशी कळ गेली की डोळ्यांपुढं काजवे चमकले. पाय हलेना. मोबाइल हौदाच्या कठड्यावर होता, हात लांब केला तरी पोचेना. पत्नी रंगूबाई लेकीच्या बाळंतपणाला सांगलीला गेलेल्या. वडूजच्या बाहेर माळावर एकटं घर. हाक मारली तर ऐकायला फक्त म्हशी.

पण सुभेदार घाबरले नाहीत. सकाळचे सहा वाजत आले होते, आणि सहाला पलटणीची हजेरी असते.

पलटण म्हणजे त्यांच्या कंपनीतले निवृत्त जवान. साताऱ्यात, सांगलीत विखुरलेल्या या गड्यांना त्यांनी मोबाइलवरच्या एका ग्रुपमध्ये गोळा केलं होतं. सुभेदार फौजेतून निवृत्त झाले, पण त्यांची हजेरी घ्यायची खोड काही निवृत्त झाली नाही. रोज सकाळी प्रत्येकानं 'हजर' लिहायचं. जो लिहिणार नाही त्याच्या घरी, जो कुणी जवळ असेल त्यानं हातातलं काम टाकून जायचं. घरोघरी बायका वैतागायच्या, म्हातारपणी हे काय खूळ म्हणायच्या. मग नानासोला एकट्याला घरात झटका आला. त्याचा 'हजर' आला नाही म्हणून गड्यांनी दार फोडलं आणि त्याला वाचवलं. तेव्हापासून बायकाच नवऱ्यांना सकाळी हलवून जागं करायला लागल्या.

एकदाच चुकलं. कुपवाडच्या कृष्णातचा 'हजर' आला नाही. त्याच्या जवळ बिरदेव होता, तिथल्याच एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन. सुभेदारांनी त्याला फोन केला. बदली माणूस आल्याशिवाय गेट सोडता येईना, म्हणून बिरदेवला निघायला उशीर झाला. तो पोचला तेव्हा कृष्णात गेलेला होता. जरा आधी आणला असता तर वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले. सुभेदारांचं डोकंच फिरलं. त्यांनी सगळ्यांदेखत ग्रुपवर लिहिलं, "ज्याला गेट सोडवत न्हाई, त्यानं हजर म्हणू नये," आणि बिरदेवला ग्रुपमधून काढून टाकलं. त्यानंतर त्याचा फोन त्यांनी एकदाही उचलला नाही.

बिरदेव मात्र रोज सकाळी सुभेदारांच्या नंबरवर 'हजर' पाठवत राहिला. सुभेदार वाचायचे आणि मोबाइल खिशात टाकायचे. उत्तर द्यायला हात वळायचा नाही.

कठड्यावर मोबाइल वाजला. मग पुन्हा वाजला. मग वाजतच राहिला. गडी एकामागून एक हजेरी देत होते. सुभेदारांना एवढ्या दुखण्यातही बरं वाटलं. आता कुणाच्या तरी ध्यानात येईल, फोन करतील, उचलला नाही की धनाजी पळत येईल. धनाजीची वस्ती तर ओढ्याच्या पलीकडंच होती.

आवाज थांबले. सुभेदार फोनच्या घंटीची वाट बघत पडून राहिले. ऊन अंगणात आलं, मग तोंडावर आलं. म्हशी धारेसाठी ओरडायला लागल्या. घंटी काही वाजली नाही.

मग एकदम त्यांच्या लक्षात आलं. हजेरी घेणारा रांगेत उभा राहत नाही. इतक्या वर्षांत त्यांनी स्वतः कधी 'हजर' लिहिलंच नव्हतं. ग्रुपवर सगळे आले होते. कुणीच चुकलेलं नव्हतं. सगळे निवांत चहा पीत असतील, आणि आपण इथं तडफडून मेलो तरी उद्या पुन्हा सगळे हजर. सुभेदार आयुष्यात गोळीला भ्याले नव्हते, पण त्या क्षणी त्यांची पाचावर धारण बसली. ते लहान पोरासारखे रडले. ओरडून ओरडून घसा बसला.

किती वेळ गेला कळलं नाही. ग्लानी आली होती. मोटरसायकलचा आवाज आला, फाटक आपटलं, आणि धापा टाकत कुणीतरी त्यांच्याशेजारी गुडघ्यावर बसलं. अंगात वॉचमनचा गणवेश, डोक्यापासून पायापर्यंत धुळीनं माखलेला. बिरदेव होता.

त्यानं तोंडाला पाणी लावलं, डोक्याखाली टॉवेल दिला आणि गावातून गाडी मागवली. सुभेदार आ वासून त्याच्याकडं बघत राहिले. पायाची कळ विसरून गेले. पाळी सोडून, कुपवाडपासून इतका पल्ला मारून हा माणूस इथं आला तरी कसा? निघायच्या आधी बिरदेवनं धनाजीला फोन केला होता. धनाजी हसला होता, सगळ्यांची हजेरी झालीया, सायबांना काय धाड भरलीया, म्हणाला होता. बिरदेवनं बदली माणसाची वाट न बघता सरळ गाडीला किक मारली होती.

"तुला कुणी सांगितलं रं?" सुभेदारांनी बसलेल्या आवाजात विचारलं.

"कुणी न्हाई, साहेब," बिरदेव खाली मान घालून म्हणाला. "तुमी उत्तर देत न्हाई, पर माझा हजर वाचला की निळी खूण पडती. तेवढ्यावर मी रोज तुमची हजेरी घेतो. आज पडली न्हाई."