गौरीचा नैवेद्य

गौरी जेवायच्या दिवशी सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातच थांबल्या. "दर्शना, नैवेद्य तूच कर गं. मला शिवता यायचं नाही."

"आई, असलं आता कोण पाळतं?" म्हणत मी त्यांना हाताला धरून ओट्याशी आणलं, घावन-घाटलं त्यांच्याकडूनच करून घेतलं. सोसायटीतल्या बायकांना हे सांगताना केवढी मिरवले होते मी!

फेब्रुवारीत डॉक्टरांनी सासूबाईंच्या गर्भाशयाच्या बायॉप्सीचा रिपोर्ट मिटला. "तुमची पाळी जाऊन दहा वर्षं झालेली. सप्टेंबरात अंगावरून रक्त गेलं, तेव्हाच आला असतात तर हा कॅन्सर लवकर सापडला असता. घरात कुणालाच सांगितलं नाहीत?"

मी बोलायला गेले, तोच सासूबाईंनी माझा हात घट्ट दाबला.

"नाही डॉक्टर," त्या म्हणाल्या, "लाज वाटली."