शरयूचे डोळे आणि जुना स्क्रीन

कारखान्याने कामासाठी शरयूला नवे यांत्रिक डोळे बसवून दिले, तेव्हापासून घरचा गेमिंग लॅपटॉप तिला बघवेना. पडद्यावरचा माणूस पळतच नाही, एकेक फोटो उलटावा तसा अडकत सरकतो, म्हणाली. म्हणून तिचा नवरा अच्युत तिला घेऊन देवळेकरांच्या दुकानात आला. गेली वीस वर्षं दोघं एकाच लॅपटॉपवर मिळून खेळत आली होती. कीबोर्डवर त्याचा डावा हात, माउसवर तिचा उजवा. तो पळवायचा, ती नेम धरायची.

"रॅम वाढवू, ग्राफिक्स कार्ड बदलू, आणि वहिनींसाठी हा हजार हर्ट्झचा स्क्रीन, सेकंदाला हजार चित्रं दाखवणारा," म्हणत देवळेकरांनी खेळ सुरू केला.

"अगंबाई, तिघं गेले की दारातून!" शरयू हरखली.

अच्युतला पडद्यावरचं दार रिकामंच दिसलं. "कुठे?"

देवळेकरांनी घसा खाकरला. "साध्या डोळ्यांना नाही दिसायचं ते. दोघांना दोन लॅपटॉप देऊ का?"

"काही नको," शरयू म्हणाली. "स्क्रीन जुनाच राहू द्या. नुसती रॅम घाला."

अच्युतला इतकं बरं वाटलं, की वाटेत त्याने तिच्यासाठी बासुंदी घेतली.

संध्याकाळी खेळताना तो तीनदा चुकीच्या बाजूला वळला. एरवी पहिल्याच चुकीला तिने "डोळे फुटले का रे?" म्हणत कोपर मारलं असतं. आज ती शांतपणे थांबून राहिली.

"सावकाश वळ हं," म्हणाली.

अच्युतने आपणच कोपर जरा तिच्याकडे सरकवलं. तिने आपला हात आखडून त्याला जागा करून दिली.