वरच्या खोलीत रेंज नाही

हिसाओ निशिगाकींनी चष्मा पुसला आणि एका बोटाने टॅबलेटवर प्रश्न लिहिला. 'घर जुनं, लाकडी, दुमजली. राउटर खाली स्वयंपाकघरात. वरच्या मजल्यावर उत्तरेच्या खोलीत वायफाय नीट पोचत नाही. कोणता राउटर घ्यावा? वय चौऱ्याहत्तर. समजेल असं सांगा.' खाली खऱ्या नावाऐवजी आपल्या शहरावरून टोपणनाव टाकलं, गिफूचा म्हातारा.

समोर बसून त्यांची बायको मित्सुए लोणच्याचे मुळे वाळवायला दोरीत बांधत होती. "नऊ वर्षं दाराशी बोलून झालं," ती म्हणाली, "आता पाटीशी बोला."

वरच्या उत्तरेच्या खोलीच्या दाराआड त्यांचा मुलगा होता, कोहेई. वय एकेचाळीस. नऊ वर्षांत तो खोलीबाहेर आला नव्हता आणि आईबापांशी एक शब्द बोलला नव्हता. जेवण दाराबाहेर ठेवायचं, रिकामी भांडी उचलायची, एवढाच व्यवहार. पण गेल्या वसंतात एक खोकं आलं. यंत्रांवर चर्चा करणाऱ्या कुठल्याशा संकेतस्थळाने 'यामोरी' नावाच्या सल्लागाराला बक्षीस पाठवलं होतं. यामोरी म्हणजे पाल. पत्ता याच घराचा होता. तेव्हापासून निशिगाकी रोज यामोरीचं लिखाण वाचत. आपला मुलगा इतका बोलका आहे हे त्यांना या वयात कळलं.

सोमवारी त्यांना इस्पितळात दाखल व्हायचं होतं. दुखणं स्वादुपिंडाचं. परत येण्याविषयी डॉक्टरांनी अवाक्षर काढलं नव्हतं. दाराबाहेरून हाक मारली की आतलं गाणं मोठं व्हायचं, त्यामुळे कोहेईला हे सांगायचंच राहून गेलं होतं. जाण्याआधी मुलाचा एक शब्द त्यांना हवा होता. आज शनिवार.

त्याच संकेतस्थळावर टाकलेल्या प्रश्नाला उत्तरं धडाधड येऊ लागली. राउटरसारख्या वस्तूतही या मंडळींचं आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं.

'आजोबा, आठ अँटेनावाला घ्या. दिसतो खेकड्यासारखा, पण घर दणाणून सोडेल.'

'आठ? आजोबांना काय विमानतळ चालवायचाय?'

'राउटर कसले घेताय! एखादा नातू पाळा, तो बघेल सगळं.'

मग यामोरी आला. 'नातू सगळ्यांना नसतो. त्यांनी प्रश्न नीट विचारलाय, तुम्हीही उत्तर नीट द्या. आजोबा, नवा राउटर घेऊ नका, पैसे वाया जातील. जुन्या घरांच्या मातीच्या भिंती लहरी खातात. त्यापेक्षा वरपर्यंत वायर न्या, जिन्याच्या कडेकडेने. पण शिडीवर एकटे चढू नका. खाली कोणाला तरी धरायला उभं करा.'

निशिगाकींनी हे मोठ्याने वाचलं. शेवटची दोन वाक्यं पुन्हा वाचली. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

"कोणाला उभं करा म्हणतोय?" मित्सुए म्हणाली. "या घरात शिडी धरणारा आहे कोण?"

"अगं, काळजीने लिहिलंय त्याने."

"परक्या म्हाताऱ्याची काळजी. विचारा त्याला पुढचं."

निशिगाकींनी लिहिलं, 'वायर खोलीत न्यायची तर दार उघडावं लागेल. आतला माणूस उघडत नाही.'

या वेळी उत्तर यायला वेळ लागला. 'कागदासारखी चपटी वायर मिळते. दाराखालच्या फटीतून जाते. दार उघडायची गरज नाही.'

'वा, यामोरीसाहेब! मानलं!' आठ अँटेनावाल्याने लिहिलं.

मित्सुएने मुळ्याला घातलेली गाठ इतकी आवळली की मुळा तुटला. निशिगाकी एका बोटाने, न थांबता, लिहीत गेले. 'सोमवारी मी इस्पितळात जातोय. परत येईन असं वाटत नाही. बायकोला यातलं काही कळत नाही. माझ्यामागे हे बंद पडलं तर कोण बघणार? वरच्या माणसाचं सगळं जग या वायरीच्या टोकाला आहे.'

नातू पाळा म्हणणाऱ्याने 'आजोबा, माफ करा' असं लिहिलं. यामोरीचं काही आलं नाही. दहा मिनिटं गेली. अर्धा तास गेला.

मग वर खुर्ची सरकली. दोघांनी छताकडे पाहिलं. पावलं दारापर्यंत आली. कडी निघाली. मित्सुए उठून उभी राहिली, मांडीवरचे मुळे जमिनीवर घरंगळले. निशिगाकींनी शर्टाचं वरचं बटण लावलं, कोणी पाहुणा यावा तसं.

कडी परत लागली.

मित्सुए जिना चढून वर गेली आणि दुपारची भांडी घेऊन खाली आली. वाडगा रिकामा होता. त्याखाली घडी घातलेला कागद होता. तिचा चष्मा जवळ नव्हता, तिने कागद नवऱ्यापुढे धरला.

अक्षर कोहेईचंच होतं, शाळेत होतं तसंच उजवीकडे झुकलेलं. 'आईसाठी. हिरवा दिवा गेला तर मागची काळी वायर काढायची. दहा आकडे मोजायचे. परत लावायची.' खाली राउटरचं चित्र काढलं होतं आणि कुठली वायर ते बाणाने दाखवलं होतं.

"काय लिहिलंय?" मित्सुएने विचारलं. "अहो, येतोय का तो खाली?"

निशिगाकींनी कागदाची घडी पुन्हा होती तशी घातली. टेबलाला धरून ते उठले आणि राउटरपाशी गेले.

"इकडे ये," ते म्हणाले. "काळी वायर कुठली ते दाखवतो."